देखावा आणि देखरेख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात आपल्या वर्तमानपत्रांत एकच शब्द दोन उलट अर्थांनी छापून येत होता. १५ जानेवारीला मुंबईत ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाल्या. त्या बातम्यांत ‘स्वदेशी बनावटीची’ हे शब्द होते आणि ते अभिमानाने लिहिलेले होते. त्याच महिन्यात, मुंबईपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर, आमच्या नालासोपाऱ्यात रहिवासी इमारती पाडल्या जात होत्या. त्या बातम्यांत ‘बनावट कागदपत्रे’ हे शब्द होते. पाणबुडी बनावटीची आणि कागदपत्र बनावट! मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय माणसाला हा फरक समजावून सांगायचा झाला तर आपली पंचाईतच होईल. एका प्रत्ययाच्या अंतरावर कौतुक आणि गुन्हा शेजारी शेजारी उभे आहेत.

मी वसईचा. माझ्या भागात हा शब्द गेली काही वर्षे इतका कानावर पडतो, की त्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा जरा शोध घ्यावा असे वाटले. खोट्या दिसण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, त्यांच्यात फरक काय, आणि तो फरक सांभाळून बोललो नाही तर नुकसान कोणाचे होते, हा आजचा विषय आहे.

‘बनणे’, ‘बनवणे’ या क्रियापदांपासून ‘बनावट’ आला. म्हणजे मुळात त्याचा अर्थ घडण, कारागिरी. ‘या पेटीची बनावट भक्कम आहे’ असे जुनी माणसे सहज म्हणत. हिंदीत तो अर्थ आजही चालतो. मराठीत मात्र हा शब्द विशेषण झाला आणि बिघडला. बनावट नोट, बनावट शिक्का, बनावट सही. जे जसे असायला हवे तसे नाही, तर कोणीतरी ‘बनवलेले’ आहे, ते बनावट. ‘बनाव’चेही तसेच. अपघाताचा बनाव, लुटीचा बनाव. आणि माणसाला ‘बनवले’ म्हणजे फसवले, हेही आपण जाणतोच.

शेजारचे शब्द पाहा. ‘नक्कल’ हा आपल्या तहसील कचेरीतला सरळमार्गी शब्द. ‘नक्कल मिळण्याबाबत अर्ज’ आपण करतो आणि मिळालेली नक्कल, तिच्यावर सही-शिक्का असेल तर, न्यायालयातही चालते. पण ‘नकली’ म्हटले की माल परत करायला निघावे लागते. ‘बेगड’ म्हणजे मखराला लावायचा चकचकीत पातळ पत्रा किंवा कागद. त्यात वाईट काही नाही; पण ‘बेगडी प्रेम’ कोणालाच नको असते. ‘मुलामा’ हे तर सोनाराच्या हातचे काम. तांब्यावर सोन्याचे पाणी चढवणे, आणि ते तसे सांगून विकणे, हा प्रामाणिक धंदा आहे. सांगितले नाही तर तीच लबाडी.

इंग्रजीतून आपण घेतलेल्या ‘बोगस’ची कथाही वेगळी नाही. हा शब्द अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला हे नाव होते. पुढे यंत्रातून निघणाऱ्या नाण्याला ते चिकटले आणि मग जगातल्या सगळ्या खोट्या वस्तूंना.

म्हणजे खोटेपणाचे हे बहुतेक शब्द मुळात कारागिरीचे शब्द आहेत. घडवणे, उतरवून घेणे, सजवणे, पाणी चढवणे. हाताचे कौशल्य तेच राहते, साहित्यही तेच राहते. मग शब्द बिघडतो कुठे? याचे उत्तर ‘देखावा’ या शब्दात फार स्वच्छ दिसते.

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी ‘निसर्गदेखावा’ काढलेला आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि मराठी चार आकड्यासारखे उडणारे पक्षी. इथे देखावा म्हणजे डोळ्यांपुढे पसरलेले दृश्य. ‘काय सुंदर देखावा होता’ हे आपल्या जुन्या प्रवासवर्णनांतले ठरलेले वाक्य. हा झाला पहिला अर्थ.

दुसरा अर्थ गणेशोत्सवाने दिला. सार्वजनिक मंडळांचे देखावे पाहायला माणसे रात्र रात्र फिरतात. पुठ्ठ्याचा रायगड, कापसाचा हिमालय, विजेवर हलणारा अफजलखान. रांगेत उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, की मागे लाकडी पट्ट्या आहेत आणि विसर्जनानंतर हे सगळे सोडून ठेवायचे आहे. तरी तो तोंडाचा आ वासून पाहतो. इथे कोणी कोणाला फसवत नाही.

आणि तिसरा अर्थ : ‘चौकशीचा देखावा केला’, ‘दुःखाचा नुसता देखावा’. इथे पाहणाऱ्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक होऊ नये अशी तजवीज आहे.

शब्द एकच, पण अर्थाची सीमारेषा एका प्रश्नावर आहे. पाहणाऱ्याला माहीत आहे की नाही? माहीत असेल तर ती कला. माहीत नसेल तर ती फसवणूक. रंग, पुठ्ठा, पडदा, दिवे सगळे तेच.

हीच सीमारेषा ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ यांच्यामध्ये आहे. सोंग हा शब्द ‘स्वांग’वरून आला असे मानतात. आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, आदिवासी गावांत बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत रात्रीच्या रात्री हा उत्सव चालतो. गणपती, नरसिंह, रावण, देवी, महिषासुर अशी सोंगे मोठमोठे रंगीत मुखवटे चढवून, वाद्यांच्या तालावर, मशालीच्या उजेडात नाचतात. मुखवट्यामागचा माणूस गावातलाच. काल त्याच्याबरोबर शेतावर काम केलेले असते, उद्या पुन्हा करायचे असते. तो कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि तरीही त्या रात्री त्याची पूजा होते. ‘हे खोटे आहे’ असे तिथे कोणी म्हणत नाही, कारण ते खोटे नाहीच. सगळ्यांच्या संमतीने, सगळ्यांच्या समोर घेतलेले ते रूप आहे.

ढोंगाला ही संमती नसते. म्हणून सोंग ‘वठते’, पण ढोंग ‘उघडे पडते’. सोंगाचा शेवट मुखवटा उतरवून चहा पिण्यात होतो. ढोंगाचा शेवट कोणाच्या तरी नुकसानीत होतो.

आपल्या रंगभूमीवर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहायला मिळाल्या त्या आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ साली आलेल्या नाटकात. प्रभाकर पणशीकर त्यात पाच वेगवेगळी रूपे घेत. नाटकातला लखोबा लोखंडे ढोंग करत असे आणि पणशीकर सोंग करत असत. माणूस तोच, मिशा त्याच, फेटा तोच. फरक एवढाच, की नाट्यगृहातल्या हजार माणसांना खरा प्रकार ठाऊक होता आणि नाटकातल्या बिचाऱ्या बायकांना तो ठाऊक नव्हता. म्हणून आपण टाळ्या वाजवल्या आणि त्यांनी कोर्टाची पायरी चढली.

अर्थात, दिसते एक आणि असते दुसरे, असे प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम केलेले नसते. आमच्या सोपाऱ्याचेच उदाहरण घ्या. नालासोपाऱ्यातला ‘सोपारा’ म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे एक मोठे मातीचे टेकाड होते. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. दिसायला ते एखाद्या पडक्या गढीसारखे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे कळले. आत दगडी करंडक, त्याच्या आत तांब्याचा, त्यात चांदीचा, असे एकात एक ठेवलेले करंडक होते आणि अगदी आतला सोन्याचा होता. त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले होते. शतकानुशतके लोक स्तूपाला कोट समजले. पण त्यांना कोणी फसवले नव्हते. माती साचली, झाडे उगवली, स्मृती पुसली. याला मराठीत देखावा म्हणत नाहीत. याला भ्रम म्हणतात, समज म्हणतात. भ्रमाला कर्ता नसतो. देखाव्याला, बनावाला, ढोंगाला कर्ता असतो. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे याच मुद्द्याशी यायचे आहे.

बाहेरच्या जगात खोट्या देखाव्याचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण रशियातले. सम्राज्ञी कॅथरिन १७८७ साली क्रिमियाच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा तिचा मर्जीतला सरदार पोटेम्किन याने नदीकाठी नुसत्या दर्शनी भिंतींची गावे उभी केली, अशी ती कथा. यातला बराच भाग पोटेम्किनच्या शत्रूंनी रचलेला असावा, असे इतिहासकार म्हणतात. म्हणजे खोट्या देखाव्याची ही कथाच बरीचशी बनावट निघाली! पण ती टिकली, कारण तिच्यात सगळ्या जगाला आपापले गाव दिसते. साहेब येणार म्हणून आदल्या रात्री रस्त्याला डांबर फासणे, कुंड्या भाड्याने आणणे, भिंतींना चुना मारणे, हे आपल्याला शिकवायला रशियातून कोणी यावे लागले नाही.

साहेबांपुढचा देखावा एका दिवसाचा असतो. कुंड्या परत जातात, विषय संपतो. पण ज्या देखाव्यात माणसे आपली मुलेबाळे घेऊन राहायला जातात, त्याचे काय?

आता मी वसई-विरारकडे येतो. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. ही माणसे आली कुठून आणि का, हे पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये एकदा सकाळी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मुंबईत काम आहे, पण मुंबईत घर परवडत नाही. दहिसर ओलांडले, खाडीचे पूल ओलांडले, की भाव उतरतो. गिरणीतल्या, कारखान्यातल्या, दुकानातल्या, कचेरीतल्या माणसाने आयुष्यभराची पुंजी, बायकोचे दागिने, गावाकडची जमीन विकून आलेले पैसे इथे घरात घातले.

नालासोपारा पूर्वेला सुमारे ६० एकर जमीन होती. विकास आराखड्यात ती सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली होती. सक्तवसुली संचालनालयाने म्हटले आहे, की २००९ पासून या भागात ४१ इमारती बेकायदा उभ्या राहिल्या आणि मंजुरीची खोटी कागदपत्रे तयार करून त्यांतली घरे लोकांना विकली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी या ४१ इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण त्यांची याचिका फेटाळली गेली. २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत सर्व ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. या प्रकरणात दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि ते न्यायालयानेच करावे. मला इथे शब्दांपुरते बोलायचे आहे.

या ४१ इमारती एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. पाया खणला गेला, ट्रक आले, स्लॅब पडले, गिलावा झाला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसल्या. हे सगळे डोळ्यांदेखत झाले. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. देखावा, देखणा, डोळ्यांदेखत आणि देखरेख हे चारही शब्द एकाच ‘देखणे’ या धातूतून आलेले सख्खे भाऊ आहेत. देखावा म्हणजे पाहण्यासाठी मांडलेले, आणि देखरेख म्हणजे नीट पाहत राहण्याचे काम. जिथे देखरेख थांबते तिथे देखाव्याला जागा मिळते. आमच्या भागात देखणेपणा पुष्कळ होता. रंगीत भिंती, संगमरवरी पायऱ्या, दारावर गणपतीची फरशी. डोळ्यांदेखतही पुष्कळ होते. कमी पडली ती देखरेख.

घर घेणाऱ्या माणसाने काय पाहिले होते? त्याने कागद पाहिले होते. ‘न बघता घेतले, म्हणून फसले’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बहुतेकांच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले कागद असतात. नोंदणी केलेला करारनामा असतो, घरपट्टीच्या पावत्या असतात, विजेची बिले असतात, शिक्के मारलेली परवानगी असते. यांतला प्रत्येक कागद काय सांगतो ते पाहू.

नोंदणीकृत करारनामा सांगतो, की अमुक माणसाने तमुक माणसाशी व्यवहार केला आणि त्याची सरकार दरबारी नोंद झाली. इमारतीला परवानगी आहे असे तो सांगत नाही. घरपट्टीची पावती सांगते, की या मिळकतीवर कर आकारला आणि तो भरला. अनधिकृत बांधकामावरही कायद्याने कर लावता येतो, वर शास्ती म्हणून दंडाचा करही लावता येतो, आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. विजेचे बिल सांगते, की इतके युनिट जळले. बस्स.

यांतला एकही कागद खोटा नाही. पण विक्रीच्या टेबलावर तेच कागद एकावर एक ठेवून, ‘साहेब, सगळं क्लिअर आहे, घरपट्टीसुद्धा लागलेली आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा खऱ्या कागदांचा देखावा उभा राहतो. खरी वस्तू चुकीच्या जागी मांडली, की तिचाही देखावा होतो.

आणि त्या गठ्ठ्यात परवानगीचाच कागद कोणी संगणकावर तयार करून, शिक्का मारून घातला, तर तो देखावा राहत नाही. तो बनावट कागद. २०२३ साली विरार पोलिसांनी असेच एक प्रकरण उघडकीस आणले. खोट्या परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ५५ इमारतींची नावे त्यात पुढे आली आणि पोलिसांना बनावट शिक्केही सापडले. हे फक्त आमच्याच भागात घडते असेही नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणीसुद्धा मिळवल्याचे उघड झाले. म्हणजे खोट्या कागदावरून खरा नोंदणी क्रमांक मिळाला! मुलामा किती पक्का असू शकतो, याचा हा नमुना.

म्हणून मी म्हणतो, की देखावा आणि बनावट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. देखाव्याविरुद्ध उपाय वेगळा, बनावटीविरुद्ध वेगळा. देखावा ओळखायचा तर कागदाचा अर्थ माहीत हवा. हा कागद खरोखर काय सांगतो, एवढाच प्रश्न विचारायचा. बनावट ओळखायची तर अर्थ कितीही माहीत असून उपयोग नाही. कारण कागदावर जे लिहिलेले असायला हवे, तेच लिहिलेले असते. तिथे एकच मार्ग उरतो. ज्याच्या नावाचा शिक्का आहे, त्याच्याच दारात जाऊन विचारायचे, ‘हा तुम्ही दिला आहे का?’ आणि त्या दारातल्या माणसाने खरे आणि वेळेत उत्तर द्यायचे. हे दुसरे काम नागरिकाचे नाही. ते देखरेखीचे काम आहे.

आता एक तिसरा शब्द. बातम्यांत, नोटिसांत, पालिकेच्या फलकांवर सगळीकडे तो असतो. ‘अनधिकृत’. हा शब्द कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण तो अर्धेच सांगतो. बनावट म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी बनवले? बनाव म्हटले की विचारावे लागते, कोणी रचला? देखावा म्हटले की पाहावे लागते, कोणी मांडला? ‘अनधिकृत’ म्हटले की कोणीच डोळ्यांपुढे येत नाही. ती इमारत जणू त्या सोपाऱ्याच्या टेकाडासारखी, माती साचून आपोआप तयार झालेली. जे कर्त्याचे काम होते ते भ्रमाच्या खात्यात जाते. आणि मग, कर्ता दिसेनासा झाल्यावर, हा शब्द सरकत सरकत आत राहणाऱ्या माणसांना चिकटतो. अनधिकृत इमारत, अनधिकृत घरे आणि शेवटी अनधिकृत रहिवासी. ज्याने फसवले त्याच्यासाठी शब्द उरत नाही, आणि जो फसला त्याच्या कपाळावर शिक्का बसतो.

आपल्याकडे म्हण आहे, की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. या सगळ्या व्यवहारात परवानगीचे सोंग आणता आले, शिक्क्याचे आणता आले, सहीचे आणता आले. एकच गोष्ट अस्सल होती, ती म्हणजे घर घेणाऱ्याचे पैसे. ते त्याने मोजून दिले होते.

दुसरीही एक म्हण आहे. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही. ती कोणाला लागू आहे, हे मी सांगायला नको.

‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. बाहेरून मोठे घराणे आणि आत काही नाही, असा तिचा अर्थ. पण विरारमध्ये २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिचा शब्दशः अर्थ समोर आला. विरार पूर्वेला विजय नगर भागात रमाबाई अपार्टमेंट नावाची चार मजली इमारत होती. पालिकेने ती अनधिकृत असल्याचे सांगितले. २६ ऑगस्टच्या मध्यरात्री तिचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. त्या संध्याकाळी इमारतीत एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. ती मुलगी आणि तिची आई, दोघीही गेल्या. एकूण १७ माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी होती. गल्ल्यागल्ल्यांतून मंडप उभे होते, त्यांत देखावे होते. पुठ्ठ्याचे ते राजवाडे जागच्या जागी उभे राहिले, आणि विटा-सिमेंटचे घर पडले.

म्हणून खोट्या दिसण्याच्या शब्दांची ही चर्चा मला केवळ व्याकरणाची वाटत नाही. नालासोपाऱ्यात कागद खोटे निघाले म्हणून उभी घरे पाडावी लागली. विरारमध्ये घरच आतून पोकळ निघाले. पहिल्या ठिकाणी अडीच हजार कुटुंबांची पुंजी गेली, दुसऱ्या ठिकाणी जीव गेले. दोन्हींना आपण ‘अनधिकृत’ हा एकच शब्द लावून मोकळे होतो. खरे तर पहिल्या बाबतीत विचारायला हवे, ‘हे कागद कोणी बनवले?’ आणि दुसऱ्या बाबतीत, ‘ही इमारत बांधताना आणि पुढे धोकादायक होताना कोणी पाहिली नाही?’ प्रश्न वेगळे, उत्तर देणारेही वेगळे.

घर घेणाऱ्या श्रोत्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बांधकाम परवानगी, म्हणजे ज्याला आपण सीसी म्हणतो, ती बांधायला सुरुवात करण्याची मुभा देते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, राहायला जाण्याची मुभा देते. हे दोन कागद विकणाऱ्याकडून घ्या, पण त्यांची खातरजमा पालिकेच्या नगररचना विभागात करा, शक्य तर लेखी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला १० रुपये लागतात. सातबारा पाहा, जमिनीवर आरक्षण आहे का ते विकास आराखड्यात पाहा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक तपासा आणि तिथे ठेवलेली परवानगी तुमच्या हातातल्या परवानगीशी ताडून पाहा. घरपट्टी आणि वीजबिल शेवटी बघा. ते खोटे असतात म्हणून नव्हे, तर त्यांनी जे सांगितलेलेच नाही ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये म्हणून.

आणि जे घर घेऊन बसले आहेत, ज्यांच्याकडे आज नोटीस आली आहे किंवा उद्या येईल, त्यांच्याविषयी बोलताना आपण, म्हणजे शेजाऱ्यांनी, वार्ताहरांनी, अधिकाऱ्यांनी, शब्द जपून वापरावेत. सोंग, ढोंग, देखावा, बनाव, बनावट, नकली, बेगडी, भ्रम. एवढे शब्द आपल्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवले ते भाषा नटवण्यासाठी नव्हे. कोण जाणून होता आणि कोण अजाण होता, हे वेगळे सांगता यावे म्हणून ते आहेत. ज्याला माहीत नव्हते, त्याला ‘फसवला गेलेला’ म्हणावे. ज्याला माहीत होते, त्याच्यासाठी भाषेत पुरेसे शब्द आहेत. त्यांतला योग्य तो निवडावा. आणि ज्याचे काम पाहत राहण्याचे होते, त्याला देखरेख या शब्दाची आठवण द्यावी.